रस, चिपाड आणि पेशीची भिंत

उसाचं कांडं चरकातून गेलं की त्याचे दोन भाग होतात. खाली रस पडतो आणि मागून चिपाड बाहेर येतं. सांगली जिल्ह्याच्या वाळवा, पलूस, कडेगाव भागातल्या माणसाला यात नवल वाटायचं काही कारण नाही. पण वनस्पतीच्या पेशीतल्या दोन मोठ्या गोष्टी इथे डोळ्यांदेखत वेगळ्या झालेल्या असतात. बहुतेक रस म्हणजे उसाच्या असंख्य पेशींनी आत साठवलेलं गोड पाणी. पेशीत ते ज्या पिशवीत असतं तिला रिक्तिका म्हणतात. आणि चिपाड म्हणजे त्या पेशींच्या भिंती. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव पेशीभित्तिका. साखर काढून झाल्यावर कारखान्याचा बॉयलर ज्यावर पेटतो, तो बगॅसही हाच.

आता बोकडाची कलेजी मिक्सरमधून काढा. तिचा सगळा लगदा होतो. मागे चिपाडासारखं काही उरत नाही, कारण तिच्या पेशींना भिंतच नसते. त्यांच्याभोवती फक्त एक नाजूक पडदा असतो.

आठवी-नववीत आपण वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतले फरक दोन रकान्यांत पाठ करतो. भित्तिका आहे, नाही. हरितलवक आहे, नाही. रिक्तिका मोठी, लहान. तारककाय नाही, आहे. या रकान्यांत चूक काही नसते, पण सगळे फरक एकाच वजनाचे वाटायला लागतात आणि ते का पडले हे कळतच नाही. माझं मत असं की मुलांना आधी भिंत समजावावी. ती नीट समजली की बाकीचे बरेचसे फरक तिच्यामागून आपोआप येतात.

पेशी पहिल्यांदा दिसली तीही भिंतीमुळेच. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला लहान लहान कप्पे दिसले. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आतलं जिवंत द्रव्य केव्हाच संपलेलं होतं, उरल्या होत्या त्या भिंती. प्राण्याचं शरीरही पेशींचंच बनलेलं असतं, हे ठामपणे मांडायला 1839 साल उजाडलं. ते काम थिओडोर श्वानने केलं. एवढा उशीर लागण्याचं एक कारण सरळ आहे: प्राण्याच्या पेशींच्या सीमा अशा ठळक दिसत नाहीत.

ही भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी चिकटून दोर तयार होतात आणि ते दोर पेशीभोवती आडवेतिडवे गुंडाळले जातात. भिंतीच्या आतल्या बाजूला प्रद्रव्यपटल असतं, म्हणजे कलेजीच्या पेशीभोवती असतो तसाच नाजूक पडदा. आत काय येणार आणि बाहेर काय जाणार, हे ठरवण्याचं काम पटल करतं. भिंत त्यात फारशी पडत नाही. पाणी आणि विरघळलेले क्षार भिंतीतून सहज आरपार जातात. तिचं काम ताण सोसण्याचं.

सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणलं तर हे चटकन कळतं. आतली ट्यूब म्हणजे पटल, बाहेरचा टायर म्हणजे भिंत. टायर नसताना ट्यूबमध्ये हवा भरत गेलं तर ती फुगत जाऊन फुटते. टायर असला की तीच ट्यूब त्याला आतून घट्ट दाबून धरते आणि सगळं चाक टणक होतं. पानातल्या पेशीत हवेच्या जागी पाणी असतं, आणि दाब आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. कारच्या टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय हवा भरतात. पाणी मिळालेल्या पानाच्या पेशीत 70 ते 100 पीएसआय दाब सहज असू शकतो. मेथीची ताजी जुडी या दाबावरच ताठ उभी असते. दुपारच्या उन्हात पाणी उडून गेलं की दाब उतरतो आणि जुडी मान टाकते. पेशी अजून जिवंत असल्या तर पाणी शिंपडून पुन्हा तजेला येतो. भाजीवाल्या मावशींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

पण पाणी आत शिरतं कसं? त्याला ओढणारा पंप पेशीत नाही. पेशीच्या आत साखर, क्षार, आम्लं असे पदार्थ विरघळलेले असतात, बाहेरच्या पाण्यात ते कमी असतात. पटलातून पाणी सहज जातं, साखर-क्षार मात्र सहज जाऊ शकत नाहीत. अशा वेळी पाणी कमी विरघळलेल्या बाजूकडून जास्त विरघळलेल्या बाजूकडे सरकतं. यालाच परासरण म्हणतात. काकडी चिरून मीठ लावलं की थोड्या वेळात कोशिंबिरीला पाणी सुटतं, तेही यामुळेच. तिथे बाहेरची बाजू जास्त खारट झाली, म्हणून पाणी पेशीतून बाहेर आलं.

कोशिंबिरीपुरतं हे ठीक आहे. पण कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत हेच नियम पाळले जातात आणि तिथे ते जिवावर येतं. वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून भरमसाट पाणी दिलं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं. पृष्ठभागावरचं पाणी उन्हात उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. रानात पांढरं फुटलेलं दिसतं. अशा जमिनीत ओल असते, कधी कधी तर पाय रुततो, आणि तरीही ऊस पिवळा पडून खुरटतो. कारण मुळांबाहेरचं पाणीच इतकं खारं झालेलं असतं की मुळाच्या पेशीला ते आत घेणं अवघड जातं. पाण्यात उभं असलेलं पीक तहानलेलं असतं. हे ज्याला पेशीच्या पातळीवर कळलं, तो अशा रानाला आणखी पाणी देऊन ते सुधारायची वाट बघणार नाही. तो जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून मीठ पाण्याबरोबर बाहेर काढायच्या मागे लागेल. मला पेशीविज्ञान महत्त्वाचं वाटतं ते अशा ठिकाणी.

द्राक्षबागेतही हेच दिसतं, फक्त उलट्या बाजूने. मणी पिकत आले की त्यांच्या रिक्तिकांमध्ये साखर खूप वाढलेली असते. त्याच वेळी अवकाळी पाऊस आला तर गोडीकडे पाणी ओढलं जातं, पेशी फुगत जातात, सालीच्या पेशींच्या भिंतींची ताकद संपते आणि मणी तडकतो. भिंत भक्कम असली तरी तिलाही मर्यादा असते.

आता प्राण्याच्या पेशीकडे वळू. तिला भिंत नाही, म्हणजे साध्या पाण्यात पडली तर तिला रोखणारं कुणी नाही. माणसाची किंवा म्हशीची तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली की पाणी आत घुसतं, ती फुगते आणि फुटते. फार खारट पाण्यात टाकली तर आक्रसून सुरकुतते. म्हणून शिरेतून द्यायच्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे 0.9 टक्के. रक्तपेशीच्या आतलं आणि बाहेरचं ओढणं त्या प्रमाणाला सारखं होतं. मूत्रपिंड रात्रंदिवस राबतात तेही बऱ्याच अंशी यासाठीच. वनस्पतीने हा प्रश्न प्रत्येक पेशीला भिंत देऊन सोडवला. प्राण्याने सगळ्या पेशींना बेताच्या खारट पाण्यात ठेवून सोडवला आणि त्या पाण्याची राखण करायला वेगळे अवयव उभे केले.

एवढी जोखीम घेऊन प्राण्याला मिळालं काय? हालचाल. भिंत नसलेली पेशी आकार बदलू शकते, सरकू शकते, दुसऱ्या पेशीला गिळूही शकते. एली मेचनिकॉफने 1882 साली सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. आपल्या पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना अशाच घेरून गिळतात. त्या कामासाठी त्याला 1908 साली नोबेल मिळालं. वनस्पतीच्या पेशीला हे जमणं शक्य नाही. साताऱ्याच्या कास पठारावर दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती आहे. तिच्या पेशीसुद्धा कीटकाला गिळत नाहीत. त्या पाचक रस बाहेर सोडतात आणि विरघळलेलं तेवढं शोषून घेतात.

स्नायूही भिंतीशिवायच शक्य आहे. खिल्लार बैल जू ओढतो तेव्हा लाखो स्नायुपेशी लांबीने आखडत असतात. सेल्युलोजच्या भिंतीत बंद असलेली पेशी तशी आखडू शकणार नाही. चेतापेशीची गोष्ट आणखी वेगळी. म्हशीच्या पाठीच्या कण्यापासून खुरापर्यंत गेलेला तिचा धागा मीटरभराहून लांब असू शकतो. प्राण्यांच्या पेशींचे आकार इतके नाना तऱ्हेचे का, आणि कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मात्र विटांच्या ओळीगत का दिसतात, याचं उत्तर तुम्हीच आता देऊ शकाल.

दोन्ही पेशींत सारखं काय, तर खूप काही. केंद्रक, त्यातला डीएनए, प्रथिनं बनवणारे रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, तंतुकणिका. उसाची पेशी आणि उसाचं वाढं खाणाऱ्या म्हशीची पेशी डीएनएची भाषा एकच वाचतात. यातल्या तंतुकणिकेपाशी मात्र थांबायला हवं. हरितलवक वनस्पतीत आणि तंतुकणिका प्राण्यात, अशी वाटणी बऱ्याच मुलांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, आणि ती चूक आहे. तंतुकणिका दोघांतही असतात. साखर आणि ऑक्सिजन वापरून पेशीला लागणारी ऊर्जा त्या मोकळी करतात. वनस्पतीलाही रात्री जगायचं असतं, आणि उन्हाचं तोंड न पाहणारी मुळं तर दिवसाही याच ऊर्जेवर चालतात. हरितलवक साखर तयार करतं. ती साखर खर्चून काम करायला वनस्पतीलाही तंतुकणिकाच लागतात.

हरितलवक सगळ्या वनस्पती पेशींत असतं हेही खरं नाही. उसाच्या पानात ते असतं, मुळात आणि कांड्याच्या आतल्या गरात नसतं. बटाट्याच्या पेशीत त्याचंच भावंड असलेलं दुसरं लवक पिष्ट साठवतं. बटाटा उजेडात पडून राहिला की ही लवकं हिरवी व्हायला लागतात.

हरितलवक आणि तंतुकणिका यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. त्यांच्याभोवती दुहेरी पटल असतं आणि त्या पेशीच्या आत स्वतःच विभागून वाढतात. लिन मार्गुलिस यांनी 1967 साली मांडलं की दोन्ही कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते. दुसऱ्या पेशीने त्यांना आत घेतलं आणि पचवण्याऐवजी ठेवून घेतलं. सुरुवातीला या विचाराला फार विरोध झाला, पुढे डीएनएच्या पुराव्याने तो मान्य झाला. तंतुकणिकेचा पूर्वज आधी आत आला, म्हणून ती वनस्पतीतही आहे आणि प्राण्यातही. हरितलवकाचा पूर्वज नंतर आणि फक्त वनस्पतींच्या घराण्यात आला. पुस्तकातल्या रकान्यात एकाच ठिकाणी "नाही" का लिहिलेलं असतं, याचं कारण एवढं जुनं आहे.

आता पुन्हा रिक्तिकेकडे. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत ती 80 ते 90 टक्के जागा व्यापते. पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेला भिंतीशी दाबले गेलेले असतात. इतकी मोठी पिशवी पाण्याने भरून ठेवण्यात वनस्पतीचा हिशेब आहे. प्राण्याला मोठं व्हायचं तर प्रथिनांनी भरलेलं नवं पेशीद्रव्य तयार करावं लागतं, ते महाग पडतं. वनस्पती भिंत थोडी सैल करते, रिक्तिकेत पाणी घेते आणि पेशी कितीतरी पटींनी लांब होते. द्राक्षाच्या घडांना जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक, देतात तेव्हा मण्यांचा आकार वाढतो, त्यामागे पेशी ताणून मोठ्या होण्याचा मोठा वाटा असतो.

रिक्तिकेत पाण्याबरोबर साखर, आम्लं, रंग, कडू आणि विषारी द्रव्यंही ठेवलेली असतात. टाकाऊ पदार्थ मोडून काढायचं जे काम प्राण्याच्या पेशीत लयकारिका करते, ते वनस्पतीत बऱ्याच अंशी रिक्तिकाच सांभाळते. हे घरी बघायचं असेल तर बीट घ्या. त्याचे तुकडे करा आणि कापताना सांडलेला रंग जाईपर्यंत गार पाण्याने धुवा. मग काही तुकडे गार पाण्यात आणि काही उकळत्या पाण्यात टाका. गार पाणी जवळपास स्वच्छ राहतं, गरम पाणी लालभडक होतं. भिंती दोन्हीकडे शाबूत असतात. उष्णतेने पटलं मेलेली असतात, आणि रंग अडवून धरणारी तीच होती. सांगलीच्या बाजारात येणारी हळद आधी शिजवलेली असते, तिथेही असंच घडतं: पेशी मरतात, गड्ड्याला पुन्हा कोंब येत नाही, आतलं पिष्ट शिजून चिकट होतं आणि रंग सगळीकडे सारखा पसरतो.

तासगावचा बेदाणा याच ओळीतला. द्राक्षात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, बेदाण्यात ते 15 टक्क्यांपर्यंत उतरतं. मण्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी सोडत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. पाणी जातं, साखर राहते, भिंती आत कोसळून सुरकुत्या पडतात. हा बेदाणा रात्री भिजत घातला तर सकाळी फुगलेला असतो, पण पाणीही गोड झालेलं असतं. जिवंत पटल असतं तर त्याने साखर अशी सोडली नसती. दाब धरून ठेवायला ट्यूबच उरलेली नाही, म्हणून भिजलेला बेदाणा कितीही टम्म दिसला तरी ताज्या मण्यासारखा कुरकुरीत कधी लागत नाही.

भिंतीचा विषय गोठ्यात गेल्याशिवाय पुरा होत नाही. सेल्युलोज ग्लुकोजचंच बनलेलं असलं तरी ते मोडणारं विकर म्हशीच्या पेशींना बनवता येत नाही. आपल्यालाही येत नाही, म्हणून मेथीचा चोथा आपल्या पोटातून बराचसा तसाच पुढे जातो. म्हशीने हे काम दुसऱ्यांकडे दिलेलं आहे. तिच्या पहिल्या पोटातल्या एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जिवाणू असतात. ते वैरणीतल्या भिंती फोडतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. त्यांतलं अ‍ॅसेटिक आम्ल दुधातली चरबी बनवायला वापरलं जातं. नुसतं पेंड-भरड्यावर जोर दिला आणि चाऱ्यातला तंतू कमी पडला की डेअरीवर फॅट कमी लागते, ती यामुळे. फार जून झालेल्या कडब्याच्या भिंतींत लिग्निन भरलेलं असतं, आणि ते त्या जिवाणूंनाही फोडता येत नाही. तेव्हा दुधाची फॅट ही शेवटी वनस्पती पेशीच्या भिंतीतूनच निघते, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

काही फरक थोडक्यात सांगण्यासारखे. जास्तीची साखर वनस्पती पिष्टाच्या रूपात ठेवते, प्राणी ग्लायकोजेनच्या रूपात, मुख्यतः यकृतात आणि स्नायूंत. विभागताना प्राण्याची पेशी मधे आवळली जाऊन दोन होते. वनस्पतीला भिंतीमुळे आवळता येत नाही, म्हणून ती मधोमध नवी भिंत आतून बाहेर बांधत जाते. पेशी विभागताना कामी येणारं तारककाय प्राण्यांत असतं आणि ऊस-द्राक्षासारख्या वनस्पतींत नसतं. नेचे आणि सायकससारख्या काही वनस्पतींच्या पोहणाऱ्या नर पेशींत मात्र तशी रचना तयार होते, तेव्हा "वनस्पतीत कधीच नसतं" असं लिहू नये.

शेवटचा फरक मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. दोन डोळ्यांची टिपरी मातीत लावली की उसाचं नवं बेट उभं राहतं, आणि टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं बाटलीत इवल्याशा तुकड्यातून तयार होतात. एफ. सी. स्टीवर्ड यांनी 1958 साली गाजराच्या मुळातल्या सुट्या पेशींपासून अख्खी झाडं वाढवून दाखवली. वनस्पतीच्या पुष्कळ पेशी मोठ्या झाल्यावरही पुन्हा सुरुवातीला जाऊ शकतात. भिंतीत अडकून जागचं हलता येत नाही, गुरांनी ओरबाडलं तरी पळता येत नाही, अशा जिवाला ही सोय जगण्यासाठीच लागते. प्राण्याची पेशी एकदा स्नायू किंवा कातडी झाली की सहसा तीच राहते. 2009 साली कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत म्हशीचं क्लोन केलेलं रेडकू जन्माला आलं. त्यासाठी शरीरातली पेशी नुसती वाढवून भागलं नाही. दुसऱ्या म्हशीच्या अंडपेशीतला मूळ डीएनए काढून त्या पेशीचा डीएनए तिथे बसवावा लागला, आणि पुढे तो गर्भ वाढायला तिसऱ्या म्हशीचं गर्भाशय लागलं.